घंटी, घड्याळ आणि रात्रपाळी : विक्रीच्या फोनांना वेळेचं बंधन कसं आलं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातला ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आत्ताच संयोजकांनी सगळ्यांना मोबाइल सायलेंटवर ठेवायला सांगितलं. ठेवलेत ना? कारण आजचा विषय तोच आहे. आपल्या खिशात एक घंटी आहे आणि ती कुणीही, कुठूनही वाजवू शकतो. ती त्याने केव्हा वाजवावी हे कुणी ठरवायचं? वाजवणाऱ्याने, ऐकणाऱ्याने, की सरकारने? विक्रीसाठी येणाऱ्या फोनांना वेळेचं बंधन घालणारे कायदे कसे आले, त्याचा इतिहास मी आज सांगणार आहे. काहींना वाटलं असेल, सरांनी निवृत्तीनंतर हा कुठला विषय काढला! (हशा) मी वकील नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण या विषयाकडे मी वळलो तो पुस्तकामुळे नाही, जिन्यातल्या एका भेटीमुळे.

आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक मुलगा राहतो. पुण्यातल्याच एका कॉल सेंटरमध्ये आहे. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांशी बोलायचं काम, त्यामुळे संध्याकाळी जातो आणि सकाळी येतो. एकदा जिन्यात भेटला, डोळे लालभडक. म्हटलं, काय रे, झोप होत नाही का? म्हणाला, "काका, डोळा लागला की फोन येतो. कर्ज हवंय का, प्लॉट हवाय का. मी सांगतो, अहो, मी झोपलोय. तर पलीकडून म्हणतात, सर, अकरा वाजलेत!" मी म्हटलं, मग बंद करून ठेव की फोन. तो म्हणाला, "आई गावाला एकटी असते, काका. बंद कसा ठेवू?" आणि मग त्याने विचारलं, "सकाळी अकराचा फोन कायद्यात बसतो का हो?"

बसतो. हे उत्तर मला द्यावं लागलं आणि ते देताना बरं वाटलं नाही. ते का बरं वाटलं नाही, हे शोधताना जो इतिहास हाती लागला तो तुमच्यापुढे ठेवतो.

आधी घंटीबद्दल थोडं. पत्र येतं ते पेटीत पडून राहतं. तुम्ही चहा घ्या, आंघोळ करा, मग उघडा. पत्र वाचायची वेळ वाचणारा ठरवतो. दारावरची बेल आणि टेलिफोन यांचं तसं नाही. तिथे वेळ येणारा ठरवतो आणि घरातल्या माणसाला हातातलं काम टाकून उठावं लागतं. समोर कोण आहे हे कळायच्या आधीच तो उठलेला असतो. "नको" म्हणायला दोन सेकंद लागतात हे खरं, पण मोडलेली झोप त्या दोन सेकंदांत परत येत नाही. हे नुकसान पैशात दाखवता येत नाही, म्हणून कायद्याला ते दिसायला वेळ लागला.

आपल्याकडे या गोष्टीची रीत होती, कायदा नव्हता. दुपारी एक ते चार कुणाच्या दारी जाऊ नये, हे पुणेकराला सांगावं लागत नाही. (हशा) हसू नका, त्या पाटीत तत्त्वज्ञान आहे. मुंबईत गिरणगावात तर एकाच खोलीत पाळ्यापाळ्यांनी माणसं झोपत. एक पाळीवर जाई, दुसरा येऊन त्याच जागी पथारी टाकी. भरदुपारी चाळीतल्या पोरांना "हळू रे, आत रात्रपाळीवाले झोपलेत" असं दटावलं जाई. म्हणजे कोण केव्हा झोपतं हे शेजाऱ्याला ठाऊक होतं. परक्याला ते ठाऊक नसतं. आणि विकायला येणारा बहुधा परकाच असतो. कायद्याची गरज तिथे पडते.

आता अमेरिकेत जाऊ, कारण या कायद्यांची मुख्य घडण तिथे झाली. वायोमिंग राज्यात ग्रीन रिव्हर नावाचं छोटं गाव आहे. युनियन पॅसिफिक रेल्वेचं गाव. गावातले पुष्कळ लोक रेल्वेत, त्यातले बरेच रात्रपाळीला. ते दिवसा झोपायचे आणि दिवसा दारोदार फिरणारे विक्रेते येऊन बेल वाजवायचे. त्या काळी फुलर ब्रश कंपनीचा विक्रेता अमेरिकेत घरोघरी माहीत होता. मंदीचे दिवस होते, नोकऱ्या नव्हत्या, त्यामुळे फिरून विकणारेही वाढलेले. १९३१ साली गावाने एक ठराव केला. घरमालकाने बोलावल्याशिवाय विक्रेत्याने खासगी घरी जाणं हा उपद्रव मानला जाईल आणि त्याला शिक्षा होईल.

या ठरावात घड्याळ नाही, हे लक्षात घ्या. अमुक वाजण्याआधी येऊ नका, तमुकनंतर येऊ नका, असं गाव म्हणत नाही. ज्या गावात लोक वेगवेगळ्या वेळी झोपतात तिथे घड्याळाचा उपयोग नाही, हे त्यांना अनुभवाने कळलेलं होतं. त्यांनी एकच विचारलं : बोलावलं होतं का?

फुलर ब्रश कंपनी कोर्टात गेली. आमच्या धंद्यावर गदा येते, राज्याराज्यांमधल्या व्यापाराला अडथळा होतो, असं तिचं म्हणणं. खालच्या कोर्टात कंपनी जिंकली. पण १९३३ साली दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि गावाचा ठराव वैध ठरवला. हे दहावं सर्किट लक्षात ठेवा, सत्तर वर्षांनी ते पुन्हा भेटणार आहे. ग्रीन रिव्हरचं पाहून इतर अनेक गावांनी तसेच ठराव केले आणि अशा ठरावांना ग्रीन रिव्हरचंच नाव पडलं.

दहा वर्षांनी असाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ओहायो राज्यातलं स्ट्रदर्स हे गाव. इथे रेल्वे नव्हे, लोखंड-पोलादाचे कारखाने, पण गोष्ट तीच. कामगारांच्या पाळ्या बदलत्या, पुष्कळांची दिवसाची झोप. गावाने नियम केला की हस्तपत्रकं वाटणाऱ्याने कुणाची बेल वाजवायची नाही. पकडली गेली ती विक्रेती नव्हती. जेहोवाज विटनेस पंथाची, धर्मसभेचं आमंत्रण वाटणारी एक बाई होती. तिला दहा डॉलर दंड झाला. १९४३ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी सर्वोच्च न्यायालयाने गावाचा नियम रद्द केला.

न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी निकाल लिहिला. त्यांना रात्रपाळीवाल्यांची अडचण कळत नव्हती असं नाही. भर दुपारी वाजलेली बेलसुद्धा अशा माणसाची झोप मोडते, हे निकालात स्पष्ट म्हटलेलं आहे. पण त्यांचा मुद्दा असा होता : गाव सगळ्यांच्या वतीने "नको" कसं म्हणू शकतं? एखाद्या घरातल्या माणसाला ते पत्रक हवं असेल. "नको" म्हणायचा अधिकार त्या घराचा आहे. घराने तशी पाटी लावावी आणि पाटी असूनही जो बेल वाजवेल त्याला गावाने खुशाल शिक्षा करावी.

मंडळी, मला हे दोन निकाल एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत. एकात विक्री होती, दुसऱ्यात धर्मप्रसार होता, हा फरक आहेच आणि अमेरिकी कायदा तो पुढेही मानत आला. १९५१ साली लुइझियानातल्या अलेक्झांड्रिया गावाचा विक्रेत्यांविरुद्धचा असाच ठराव सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, तिथे गडी मासिकांच्या वर्गण्या विकत होता. पण ग्रीन रिव्हर काय आणि स्ट्रदर्स काय, शेवटी दोन्हीकडे घरातल्या माणसाची इच्छा हाच निकष आहे. वाद आहे तो मौनाचा अर्थ काय लावायचा यावर. एक म्हणतं, बोलावलं नसेल तर "नको" समजा. दुसरं म्हणतं, "नको" म्हटलं नसेल तर या. पुढचा सगळा इतिहास या दोन वाक्यांत हेलकावे खातो.

१९७० साली टपालाचा खटला आला. घरी अश्लील जाहिराती येतात, त्या पाठवणाऱ्याला "माझं नाव यादीतून काढ" असं सांगायचा हक्क कायद्याने घरमालकाला दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. सरन्यायाधीश बर्गर यांनी सांगितलं ते थोडक्यात असं : बोलण्याचा हक्क आहे, पण नको म्हणणाऱ्याच्या पत्रपेटीपाशी तो थांबतो. बोलण्याचा हक्क म्हणजे ऐकायला लावण्याचा हक्क नव्हे.

इथपर्यंत घड्याळ कुठेच नाही. मग सकाळी आठ ते रात्री नऊ हे आलं कुठून?

ते आलं विक्रीतून नव्हे, वसुलीतून. १९७७ साली अमेरिकी काँग्रेसने कर्जवसुलीच्या दांडगाईविरुद्ध कायदा केला. वसुलीवाले मध्यरात्री फोन करून माणसांना छळत असत. त्या कायद्यातलं कलम मी मुद्दाम सावकाश सांगतो. गैरसोयीच्या वेळी ऋणकोशी संपर्क साधायचा नाही. गैरसोयीची वेळ कोणती? जी त्या माणसाला गैरसोयीची आहे हे तुला माहीत आहे, किंवा माहीत असायला हवं, ती. आणि काहीच माहिती नसेल तर? तर सकाळी आठनंतरची आणि रात्री नऊच्या आधीची वेळ सोयीची आहे असं गृहीत धर. तीही त्या माणसाच्या गावातल्या घड्याळाप्रमाणे.

पाहिलंत? आठ ते नऊ हे मुळात गृहीतक होतं, माहिती नसताना वापरायचं. "मी रात्रपाळीला असतो, दुपारी झोपतो" असं ऋणकोने कळवलं की त्याच्यापुरतं ते गृहीतक संपलं. तर्कशास्त्र शिकवताना मी मुलांना सांगायचो की गृहीतक आणि ज्ञान यांची गल्लत करू नका, ज्ञान आलं की गृहीतकाने उठून जागा द्यायची. या कलमात तेच लिहिलेलं आहे आणि कायद्याच्या भाषेत इतकी शहाणी गोष्ट फार वेळा सापडत नाही.

मग १९८० चं दशक आलं. फोन लावायची यंत्रं आली. आपोआप नंबर फिरवणारी, ध्वनिमुद्रित निरोप ऐकवणारी. माणसाने नंबर फिरवायचा म्हणजे त्यालाही कष्ट होते, दिवसाला किती फोन करणार याला मर्यादा होती. यंत्राला ती नाही. १९९१ च्या कायद्याच्या सुरुवातीला काँग्रेसने आकडे नोंदवलेत : तीस हजारांहून जास्त कंपन्या फोनवरून विक्री करतात, तीन लाखांहून जास्त माणसं रोज एक कोटी ऐंशी लाखांहून जास्त अमेरिकनांना फोन करतात आणि १९९० साली या मार्गाने झालेली विक्री ४३५ अब्ज डॉलर, म्हणजे १९८४ च्या चौपटीहून अधिक. या कायद्यामागे होते दक्षिण कॅरोलिनाचे सिनेटर फ्रिट्झ हॉलिंग्ज. हे फोन सकाळी उठवतात, जेवणातून उठवतात, आजाऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना अंथरुणातून उठायला लावतात, असं त्यांचं गाऱ्हाणं होतं. आजारी, म्हातारे, झोपलेले. बघा, पुन्हा तीच माणसं डोळ्यांसमोर आहेत.

कायद्याने नियम करायचं काम दळणवळण आयोगाकडे सोपवलं. १९९२ मध्ये नियम आले. घरगुती फोनवर सकाळी आठच्या आधी आणि रात्री नऊनंतर विक्रीचा फोन करायचा नाही, वेळ फोन घेणाऱ्याच्या गावची. शिवाय एखाद्याने "मला पुन्हा फोन करू नका" म्हटलं तर त्या कंपनीने त्याचं नाव आपल्या यादीत नोंदवायचं. देशभराची एकच यादी करता आली असती, कायद्याने ती मुभा दिलेली होती, पण आयोगाने तेव्हा ती केली नाही. पुढे १९९४ च्या दुसऱ्या कायद्याखाली व्यापार आयोगाने १९९५ साली जे नियम केले त्यांतही तेच आठ ते नऊ.

आता १९७७ आणि १९९२ शेजारी शेजारी ठेवा. आकडे तेच, पण वाक्य बदललं. "माहिती नसेल तर असं गृहीत धर" हे गेलं आणि "या वेळेच्या बाहेर करू नको" हे आलं. आणि व्यवहारात दुसऱ्या वाक्याचा अर्थ होतो, "या वेळेच्या आत खुशाल कर." वसुलीवाल्याला निदान विचार करावा लागत होता की समोरचा केव्हा झोपतो. विकणाऱ्याला फक्त घड्याळ बघायचं. रात्रपाळीवाल्याला उरलं ते एकेका कंपनीला एकेकदा "नको" सांगणं. तीस हजार कंपन्या! म्हणजे प्रत्येकीने एकदा झोप मोडल्यावरच त्याचं "नको" सुरू होणार. ज्या माणसासाठी ग्रीन रिव्हरने पहिला ठराव केला, तोच माणूस नियमातून निसटला.

हे अमेरिकेत लोकांना जाणवत होतंच. म्हणून २००३ साली देशभराची "डू नॉट कॉल" यादी आली. २७ जूनला नोंदणी सुरू झाली आणि काही महिन्यांत पाच कोटींवर नंबर नोंदले गेले. अंमलबजावणी १ ऑक्टोबरला सुरू व्हायची होती. पुढे जे झालं ते नाटकासारखं आहे. २३ सप्टेंबरला ओक्लाहोमातल्या न्यायाधीशाने निकाल दिला की व्यापार आयोगाला अशी यादी करायचा अधिकारच नाही. २५ तारखेला काँग्रेसने तो अधिकार देणारा कायदा करून टाकला, खालच्या सभागृहात ४१२ विरुद्ध ८ आणि सिनेटमध्ये ९५ विरुद्ध शून्य. कुठल्याही देशाच्या संसदेत असं एकमत किती वेळा बघायला मिळतं? (हशा) त्याच दिवशी डेन्व्हरच्या दुसऱ्या न्यायाधीशाने यादी भाषणस्वातंत्र्याविरुद्ध आहे म्हणून अडवली. ते प्रकरण अपिलात गेलं. कुठे? दहाव्या सर्किटमध्ये. ग्रीन रिव्हरचा निकाल ज्याने दिला तेच न्यायालय. आणि फेब्रुवारी २००४ मध्ये त्याने यादी वैध ठरवली. मुख्य कारण काय, तर यादीत नाव सरकार घालत नाही, माणूस स्वतः घालतो. ऐकायची इच्छा असणाऱ्यापर्यंत पोचायला विक्रेत्याला कुणी अडवलेलं नाही. ब्लॅक यांनी सांगितलेली दारावरची पाटीच ही, फक्त देशभरासाठी एक.

ही गोष्ट पुण्याशी कशी जोडलेली आहे ते आता बघू. वेळ घेणाऱ्याच्या गावची, हे कलम आठवा. न्यूयॉर्कला हिवाळ्यात सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. कॅलिफोर्नियात रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेदहा. या शतकाच्या सुरुवातीला पुणे, मुंबई, बंगळूर, गुडगाव इथे कॉल सेंटरं उभी राहिली. बरीच गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणारी, काही विकणारी, काही वसुलीची. अमेरिकन माणसाचा दिवस सांभाळायचा तर आपल्या मुलांनी रात्र जागायची. तिकडच्या कायद्याने तिकडच्या माणसाची झोप राखली, हे योग्यच केलं. पण त्या घड्याळाप्रमाणे काम करणारी रात्रपाळी आमच्या जिन्यात येऊन झोपली. गिरण्या गेल्या, भोंगे थांबले आणि नवी रात्रपाळी आली. फरक एवढाच की आता "हळू रे, आत झोपलेत" म्हणणारी चाळ नाही.

आणि इथे दिवसा त्याला कुठला कायदा सांभाळतो? आपल्याकडे नव्वदच्या दशकापर्यंत फोनसाठीच वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. विक्रीचे फोन कोण कुणाला करणार! मोबाइल आल्यावर प्रश्न आला. २००७ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, पहिले नियम केले आणि नको असलेल्यांची राष्ट्रीय यादी सुरू झाली. २०१० चे नवे नियम २७ सप्टेंबर २०११ पासून लागू झाले. त्यात विक्रीच्या फोनांसाठी १४० ने सुरू होणारे वेगळे नंबर आले आणि घड्याळही आलं : रात्री नऊ ते सकाळी नऊ विक्रीचा फोन किंवा संदेश नाही. पुढे रिझर्व्ह बँकेनेही आपली घड्याळं लावली. २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नाही. कार्ड देणाऱ्यांच्या माणसांनी सकाळी दहा ते संध्याकाळी सात एवढ्यातच संपर्क साधायचा. म्हणजे वसुलीवाल्याला आठला परवानगी आणि कार्ड विकणाऱ्याला दहाला. ज्याने कर्ज थकवलंय त्याने लवकर उठावं, असा यात काही हेतू असेल तर मला माहीत नाही. (हशा)

या सगळ्या घड्याळांत अकरा वाजता झोपलेला माणूस बसत नाही. पण न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. ट्रायचे २०१८ चे नियम कागदावर अमेरिकेच्याही पुढे आहेत. त्यात ग्राहकाला कुठल्या प्रकारचे फोन नकोत एवढंच नव्हे, तर दिवसाच्या कुठल्या पट्ट्यात नकोत आणि कुठल्या वारी नकोत हेही नोंदवायची सोय केलेली आहे. म्हणजे १९७७ चं ते हरवलेलं वाक्य परत आलं : माणूस सांगेल ती वेळ, माणूस सांगेल ते गैरसोयीचं. विचार म्हणून हे मला फार मोलाचं वाटतं.

मग त्या मुलाला फोन का येतात? कारण ते १४० वरून येत नाहीत. कुणीतरी साधं दहा आकडी सिम घेऊन करतो. नोंद न केलेल्याला नियम लागू करायचा तर आधी तो सापडला पाहिजे आणि त्यासाठी झोप मोडलेल्या माणसाने तक्रार करायची. बाकी फसवणूकच करायला बसलेल्यांना कुठलं आलंय घड्याळ! २०१६ साली ठाणे पोलिसांनी मीरा रोडला जी कॉल सेंटरं पकडली, तिथून अमेरिकनांना तिकडच्या करखात्याच्या नावाने धमकावलं जात होतं. वेळेची शिस्त जो पाळतो, त्याच्यापुरतीच कायद्याची ताकद.

युरोपात दोन वाटा दिसतात. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९७० सालीच म्हटलं की आधी संमती घेतल्याशिवाय घरी जाहिरातीचा फोन करणं ही अनुचित स्पर्धा आहे. तिथे वेळेचा प्रश्न उरतच नाही. फ्रान्स आधी घड्याळाच्या वाटेने गेला. मार्च २०२३ पासून विक्रीचे फोन फक्त सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते एक आणि दुपारी दोन ते रात्री आठ. एक ते दोन जेवणाची सुट्टी, फ्रेंच माणसाला आणि पुणेकराला हे समजावून सांगावं लागत नाही. (हशा) पण एवढं बारीक घड्याळ करूनही भागलं नाही. २०२५ मध्ये फ्रान्सने नवा कायदा केला : ऑगस्ट २०२६ पासून आधी संमती नसेल तर फोनच नाही. घड्याळाकडून सुरुवात करून तेही ग्रीन रिव्हरच्या वाक्यापाशी आले : बोलावलं होतं का?

आपल्याकडे हा विचार परका नाही. ध्वनिक्षेपकांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये हेच सांगितलं की नको असलेल्या माणसाला आपला आवाज ऐकायला लावणं हा भाषणस्वातंत्र्याचा भाग नाही. २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तत्त्वं आपल्याजवळ आहेत.

मला जे म्हणायचं आहे ते थोडक्यात सांगतो. घड्याळाचे कायदे चुकीचे नाहीत. परक्याला माझा दिनक्रम माहीत नसतो, तेव्हा काहीतरी अंदाज लागतो आणि आठ ते नऊ हा बरा अंदाज आहे. पण तो सरासरी माणसाबद्दलचा अंदाज आहे आणि सरासरी माणूस कुणाच्या घरी राहत नाही. घरी राहते ती रात्रपाळीची नर्स, नुकतंच बाळ झालेली आई, केमोथेरपी घेऊन आलेला म्हातारा. कायद्याने परवानगी दिलेल्या वेळेतच त्यांची झोप असते. म्हणून अंदाज हा माहितीला पर्याय होऊ नये. आणि माहिती द्यायचं ओझंही फक्त झोपलेल्यावर टाकू नये. विचारायची जबाबदारी ज्याला गरज आहे त्याची. विकायची गरज त्याला आहे.

आमच्या त्या मुलाने १९०९ वर नोंद केली. मीच बसून करवून घेतली. फोन कमी झालेत, बंद नाही झालेत. मागच्या आठवड्यात भेटला तेव्हा म्हणाला, "काका, आता आठवड्यात दोन-तीनच." आणि मग म्हणाला, "ती मुलगीही पाळीच करत असेल हो, मी रागावत नाही." यावर मला काही बोलता आलं नाही. 

(टाळ्या. प्रश्नोत्तरांतला एक प्रश्न खाली दिला आहे.)

प्रश्न : सर, आधी संमती घेतली पाहिजे असा कायदा केला तर फोन करणाऱ्या मुलामुलींच्या नोकऱ्या जातील. त्यांचं काय?

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि तो टाळणार नाही. १९३१ सालीही मंदी होती आणि ब्रश विकणारा गडी पोटासाठीच फिरत होता. काही नोकऱ्या जातील, हे मान्य करायला हवं. पण त्या मुलीची नोकरी कशी आहे तेही बघा. दिवसभर न बोलावलेल्या दारांवर उभं राहायचं आणि शिव्या खायच्या. तिला शिव्या देणारा आणि ती, दोघंही त्या वेळी तिसऱ्याच कुणाच्या हिशेबासाठी वापरले जात असतात. माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये, असं कांट म्हणतो. मी वर्गात हे शिकवताना नेहमी फोन घेणाऱ्याचं उदाहरण द्यायचो. आता वाटतं, फोन करणाऱ्याचंही द्यायला हवं होतं. ज्यांनी बोलावलंय अशा माणसांना फोन करायची नोकरी थोडी असेल, पण ती करणाऱ्याला "हॅलो" म्हणताना भीती वाटणार नाही.